प्रिंटर व्हरांड्यात ठेवणाऱ्या बाई

आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीचं अर्थिंग कधीच धड नव्हतं. मशीनच्या पत्र्याला चुकून कोपर लागलं की खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. तिथला क्लार्क म्हणून त्याची मला सवय झाली होती. रणपिसे बाईंनी दिलेल्या धक्क्यांची मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

पहिला धक्का त्यांनी रुजू झाल्याच्या आठवड्यातच दिला. मी सकाळी येऊन बघतो तर खोलीतला प्रिंटर बाहेर व्हरांड्यात, पाण्याच्या माठाशेजारी. तो प्रिंटर म्हणजे आमच्या शेतकी खात्याचं कुलदैवत होतं. दसऱ्याला त्याला हार पडायचा. त्याच्यावर चहाचा कप ठेवला म्हणून एका शिपायाची वजनकाट्यावर बदली झालेली. आणि ह्या बाईंनी त्याला उचलून माठाशेजारी बसवला होता.

"बाई, हे कुणी केलं?"

"मी. चालू आहे तो, काळजी करू नका. लांब वायर लावलीय."

"पण बाहेर का?"

"आत असला की सगळे त्याचंच ऐकतात," असं म्हणून त्या पुन्हा स्क्रीनकडं वळल्या.

उज्ज्वला रणपिसे दौंडच्या. वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. बाई पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायच्या. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी परतल्या आणि वडापच्या जीपमध्ये कोंबून घेत रोज आमच्या कारखान्यावर येऊ लागल्या. दोन हजार साल उलटून गेलं होतं, साहेब लोकांच्या कमरेला मोबाइल लटकू लागले होते, पण कुठल्या शेतकऱ्याच्या उसाला कधी तोड द्यायची हे ठरवणारा आमचा प्रोग्रॅम अजून डॉसच्या जमान्यातला होता. जुनी मशीनं मरायला टेकलेली. तेव्हा 'आहे तसं नव्या मशीनवर आणा' एवढ्याच कामासाठी बाईंना घेतलं होतं. आहे तसं काही ठेवणं ह्या बाईच्या रक्तातच नाही, हे मुलाखत घेणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अंगानं किरकोळ, चालणं मात्र गाडी सुटत असल्यासारखं. साखर कारखान्यात बिनसाखरेचा चहा पिणारं ते एकमेव माणूस. आमच्या हेडक्लार्कना दुसऱ्याच्या कुळाची फार उत्सुकता. त्यांनी लगेच विचारलं, "रणपिसे म्हणजे नक्की कुठले?"

"दौंडचे."

"नाही, म्हणजे मूळचे?"

"मूळचेही दौंडचेच. बुद्धविहाराच्या मागची गल्ली. अजून काही?"

हेडक्लार्क कसलीशी फाईल शोधायला उठले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना ती सापडली नाही.

बाईंचं एक पालुपद होतं: "हे आतलं की बाहेरचं?" कशालाही लावायच्या. शिपायानं मुलीसाठी स्थळ आल्याचं सांगितलं आणि मुलाच्या घराचं, गाडीचं, वाजंत्रीचं वर्णन सुरू केलं, तर म्हणाल्या, "हे सगळं बाहेरचं झालं. मुलगा कसा आहे ते सांग." तो बिचारा आठवत बसला. मुलगा कसा आहे ते कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक भलामोठा लोखंडी नट असायचा, वडिलांनी शेडमधून निवृत्त होताना आणलेला. एकदा मी तो हातात घेतला तर म्हणाल्या, "भाऊसाहेब, ह्याला बाजू किती?"

"सहा."

"पाना कुठल्या बाजूला लावायचा?"

"कुठल्याही लावा. काय फरक पडतो?"

"आतल्या आट्यांना कळतं का, पाना कुठून लागला ते? प्रोग्रॅम असा पाहिजे. मधे फक्त नियम. प्रिंटर, काटा, स्क्रीन, उद्या मोबाइलवर तोड कळवायची म्हणालात तर मोबाइल, हे सगळे बाहेरच्या बाजूंना. लागतील, सुटतील, बदलतील. आत ढवळाढवळ करायची नाही." कुणा परदेशी माणसानं ह्याला षटकोनी रचना म्हटलं होतं. त्याचा लेख बाईंनी दौंडच्या सायबर कॅफेतून छापून आणला होता आणि पोळीच्या डब्याबरोबर पिशवीत घेऊन हिंडायच्या.

मला विनोद करायची खोड. मी म्हणालो, "म्हणजे सोवळंओवळंच की."

बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "नाही. सोवळ्यात माणूस बाहेर ठेवतात. इथं यंत्र बाहेर ठेवायचं."

मी नट जागेवर ठेवला. अर्थिंगचा धक्का बरा, असं मला त्या दिवशी वाटलं.

मग त्यांनी मला प्रिंटर केलं. खरंच सांगतो. म्हणाल्या, "मशीन नसताना नियम चालतो का बघायचंय. प्रिंटरच्या जागी तुम्ही बसा. मी सांगेन ते लिहा, स्वतःचं डोकं चालवू नका." मी बी. कॉम. झालेला माणूस. कवठे येमाईत आमच्या आळीत पहिला. तो मी डोकं न चालवता लिहीत बसलो. ऊसही खोटाच होता. कुठल्याही गावात नसलेली शेतं त्यांनी मनानं तयार केली होती आणि त्यांना त्या 'लुटुपुटूचा ऊस' म्हणायच्या. त्यातला एक कागद चुकून तोडीच्या चिठ्ठ्यांच्या ट्रेमध्ये गेला आणि एक मुकादम कोयते घेऊन, बैलगाड्या जुंपून, नसलेल्या मळ्यातला नसलेला ऊस तोडायला सकाळभर हिंडला. दुपारी येऊन त्यानं जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक माझी. पण बघा, कागदावर आलं की खोटंसुद्धा खरं वाटतं." मुकादमाला ह्यात काही समाधान वाटलं नाही.

शेतकी अधिकारी काळेसाहेब एकदा त्यांच्या मागं उभे राहून नवं काम बघत होते. "ह्यात शेतकऱ्याचं नाव कुठं टाकायचं?"

"आत नाव जात नाही, साहेब. लागणीची तारीख जाते, उसाची जात जाते, नवी लागण की तोडलेल्या बुडख्यातून फुटलेला खोडवा ते जातं. क्रम लागून बाहेर आला की मग नाव चिकटवायचं."

"अहो, पण कुणाचा ऊस आहे हे त्याला कळणार कसं?"

"कळायलाच नको."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. ज्या कारखान्यात आडनावावरून चहा फुल की हाफ ठरायचा, तिथं ही बाई नियमाला नावच सांगायचं नाही म्हणत होती. साहेब केबिनमध्ये गेले आणि पंखा मोठा केला.

आता आप्पा कोळप्यांचं सांगायला हवं. राहूच्या पुढं त्यांची वस्ती. आजोबांपर्यंत मेंढरांमागं हिंडणारं घराणं. कालव्याचं पाणी आलं तशी वडिलांनी एका जागी चूल मांडली. आप्पांनी ऊस लावला, पण कारखान्याचा शेअर घेऊन सभासद व्हायला त्यांना उशीर झाला. त्यांचा चुलतभाऊ पोपट आमच्याकडंच चिटबॉय होता. म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या घेऊन सायकलवर वस्त्यावस्त्यांना फिरणारा माणूस. पोपटच्या बापानं शेअर फार आधी घेतलेला. दोघांची शेतं बांधाला बांध, दोघांची लागण एकाच सुमाराला. पण पोपटचा ऊस दिवाळीच्या आसपास तुटायचा आणि आप्पांचा शिमग्याला, उन्हानं वजन उतरल्यावर. दर हंगामाला हेच. आप्पांनी पोपटशी बोलणं टाकलं त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली होती.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी आप्पा ऑफिसच्या दारात आले. आत यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. पांढरं पागोटं, हातात काठी. पोपट माझ्या टेबलापाशी चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधत होता.

"यंदाबी आमाला शिमग्यालाच का?" आप्पा भिंतीला विचारल्यासारखं बोलले.

"आप्पा, म्या काय करतो?" पोपट म्हणाला. "कागद येतो, म्या वाटतो."

"कागद आभाळातनं पडतो व्हय? तुझा ऊस येळेवर जातो. तवा बरा पडतो कागद." मग ते आमच्याकडं वळले. "ह्याच्या पोरीचं लगीन ठरलंय. मेढ रोवायला मी न्हाई यायचा. हितं समद्यांच्या देखत सांगतो."

ते गेले आणि पोपट गठ्ठ्याची सुतळी हातात धरून तसाच बसून राहिला. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब, मुहूर्तमेढ, त्यांच्या भावकीत थोरल्यानंच रोवायची. आप्पा थोरले. ते आले नाहीत तर पोपटनं भावाचा ऊस वाळवला ही गोष्ट सगळ्या वऱ्हाडासमोर शाबीत होणार होती. पोपटचे डोळे भरले होते. पन्नाशीच्या माणसाला ऑफिसात रडताना बघणं फार वाईट असतं, मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

बाईंनी खुर्ची वळवली. "पोपटराव, कागद कुठून पडतो ते बघू आपण."

आमच्यात कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, तोड लागणीच्या तारखेनं मिळते. कारखान्याच्या फलकावर तेच लिहिलेलं होतं. बाई जुन्या प्रोग्रॅममध्ये तो नियम शोधत होत्या आणि तो त्यांना सापडत नव्हता. दोन दिवस त्या जेवणाचा डबा उघडायचं विसरल्या. मग एका दुपारी त्यांनी साहेबांना, मला आणि पोपटला बोलावलं.

"नियम प्रिंटरच्या आत बसलाय," त्या म्हणाल्या.

आम्हाला काही उमगेना. तेव्हा त्यांनी सावकाश समजावलं. जुना प्रोग्रॅम ऊस पिकलेल्या सगळ्यांना तारखेनं निवडायचा, इथपर्यंत ठीक. पण छापताना त्यांना शेअरच्या नंबरानं रांगेत लावायचा आणि एका गटाला, म्हणजे लगतच्या वस्त्यांना मिळून, एकच पान छापायचा. पान भरलं की काम संपलं. जे उरले ते पुढच्या पंधरवड्यात. तेव्हा पुन्हा नवे पिकलेले यायचे, पुन्हा शेअरच्या नंबरानं रांग लागायची आणि जुन्या नंबरवाले पुढं घुसायचे. ज्यांचा शेअर उशिराचा ते पुन्हा पानाखाली पडायचे. हंगाम सरत आला, रांग आटली, की मग त्यांची पाळी.

"म्हणजे क्रम..." साहेब म्हणाले.

"पानाच्या लांबीनं ठरत होता."

किती लोक ह्या दारात येऊन भांडून गेले होते. कुणी जातीवर घेतलं होतं, कुणी निवडणुकीवर, कुणी भाऊबंदकीवर. शिव्या, शाप, उपोषणाच्या धमक्या. आणि हे सगळं करणारा माणूस शोधायला गेलं तर तिथं कुणीच नव्हतं.

साहेबांना तेवढ्यात सुटकेची वाट दिसली. "म्हणजे हे मुद्दाम कुणी केलेलं नाही."

"कुणी केलं नाही म्हणजे झालं नाही असं नसतं, साहेब," बाई म्हणाल्या. "पण एकच पान का, ते मला कळत नाही. दुसरं पान छापायला काय हरकत होती?"

मग पोपटचा आवाज आला, इतका बारीक की आधी मला तो बाहेरून आल्यासारखा वाटला.

"म्या म्हणलो व्हतो."

आम्ही तिघंही त्याच्याकडं वळलो.

"लई जुनी गोष्ट हाय. पुण्याचा पोरगा प्रोग्रॅम बशिवत व्हता. त्यानं इचारलं, कागद कसा देऊ. म्या म्हणलं, एकच पान दे बाबा, घडी घालून खिशात मावंल असं. सायकलवर दोन पानं उडत्यात." त्यानं नकळत शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "तवा लोकच थोडं व्हतं. समदी मावायची एका पानात."

पुढं सभासद वाढत गेले आणि पान तेवढंच राहिलं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोपटच्याही नाही.

साहेब म्हणाले, "गुपचूप दुरुस्त करून टाका. बोभाटा नको."

"न्हाई साहेब," पोपट म्हणाला. मी त्याला साहेबांपुढं नाही म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. "यंदा गुपचूप आप्पाचा ऊस येळेवर तुटला, तर आप्पा काय म्हणतील? दम दिला आन् झालं. म्हंजी आजवर पोप्याच्याच हातात व्हतं."

बाईंनी टेबलावरचा नट पिशवीत टाकला. "चला, आप्पांकडं जाऊ." तो नट त्यांनी कशाला घेतला, मला आजवर कळलेलं नाही. तिथं त्याचा काही उपयोग झाला नाही.

वस्तीवर दुपारची वीज गेलेली. आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. पोपटला बघून ते उठणार होते, पण बाई सरळ समोर जमिनीवर बसल्या आणि बाईमाणूस खाली बसलेलं असताना उठून जाणं त्यांना जमलं नाही. बाईंनी कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही. अंगणातले खडे गोळा केले. "आप्पा, हा तुमचा ऊस. हा बांधापलीकडचा. तुमच्या गटात अजून कुणाकुणाचा आहे? कधीची लागण?"

शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या पोराची जन्मतारीख ठाऊक नसेल, लागणीची असते. आप्पा सांगत गेले, बाई खडे मांडत गेल्या. मग म्हणाल्या, "आता तारखेनं तुम्हीच लावा." आप्पांनी लावले. त्यांचा खडा बराच पुढं आला, पोपटच्या खड्याला लागून.

"हा नियम. ह्यात कुणाचं नाव नाही, गाव नाही. यंदापासून असाच चालणार. वीज नसली तरी चालतो, बघताय ना?"

"मग आजवर?"

बाईंनी एक पोतं घडी घालून लहान केलं आणि पसरलं. खडे उचलून शेअरच्या जुनेपणानं पोत्यावर मांडू लागल्या. पोतं भरलं. आप्पांचा खडा हातातच राहिला. तो त्यांनी मातीत ठेवला. पुन्हा नवे खडे आले, पुन्हा पोतं भरलं, पुन्हा तो मातीत. आप्पा वाकून बघत होते.

"म्हंजी माझ्यावर कुणाचा डाव नव्हता?"

"नव्हता."

उभं आयुष्य धरलेला राग ठेवायला आता जागाच नाही, असं कळल्यावर माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. पुन्हा बघायची इच्छा नाही.

"आन् हे पोतं येवढंच का आथरलं?" आप्पांनी विचारलं.

बाई उत्तर देऊ शकल्या असत्या. दिलं नाही. त्यांनी पोपटकडं पाहिलंसुद्धा नाही, हातातली माती झटकत बसल्या. पोपट पुढं आला आणि त्यानं सगळं सांगितलं, सायकल, वारा, खिसा. सांगताना त्याची मान खाली होती.

आप्पा त्याच्या शर्टाच्या खिशाकडं बघत राहिले. मग उठले, घरात गेले आणि दार लोटून घेतलं. आम्ही थोडा वेळ थांबलो. दार उघडलं नाही. परतीच्या जीपमध्ये मी बाईंना म्हणालो, "सांगायला नको होतं." त्या म्हणाल्या, "असेल." एवढंच. त्यांचा चेहराही उतरला होता.

बॉयलर पेटला, हंगाम सुरू झाला. नव्या प्रोग्रॅमनं क्रम लावला, माठाशेजारच्या प्रिंटरनं तो कितीही पानं लागली तरी निमूटपणे छापला. आप्पांचा ऊस पोपटच्या पाठोपाठ तुटला. चिठ्ठी द्यायला पोपट स्वतः गेला होता. आप्पांनी ती घेतली आणि तसेच आत वळले.

मुहूर्तमेढीच्या सकाळी आम्ही ऑफिसची माणसं पोपटच्या दारात जमलो होतो. बाई पार मागं, गोठ्याच्या कडेला, पिशवी धरून उभ्या. दुसऱ्याच महिन्यात त्या कारेगावला एका कंपनीत जाणार होत्या, आईला घेऊन शिरूरला बिऱ्हाड करणार होत्या, आणि त्यानंतर त्यांची माझी गाठ पडणार नव्हती. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पूजा मांडलेली, आंब्याचे डहाळे बांधलेली मेढ आडवी पडलेली. बायका एकमेकींकडं बघत होत्या. पोपट दर थोड्या वेळानं शेजारच्या घराकडं पाहायचा आणि नजर वळवायचा. शेवटी कुणीतरी म्हणालं, दुसरा कुणी थोरला बघा, वेळ टळतीय.

तेवढ्यात आप्पांच्या घराचं दार वाजलं. आप्पा बाहेर आले. खांद्यावर पहार. ते कुणाकडं न बघता आले आणि खड्डा खणायला लागले. खणून झाल्यावर धापा टाकत पोपटला म्हणाले, "तुला लई शिव्या दिल्या. त्या म्या माघारी घेत न्हाई. तुझ्या खिशाला दिल्या समज."

पोपट हसला की रडला, मला सांगता येणार नाही. तो मेढ उचलायला वाकला.

"तू न्हाई," आप्पा म्हणाले. "तू माती लोट. मेढ बाई धरतील."

बायकांत कुजबुज झाली. हेडक्लार्क खाकरले. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतली बाई, कोळप्यांच्या मांडवाचा पहिला खांब. असं त्या वस्तीवर कुणी पाहिलेलं नव्हतं, मीही नाही. बाई जागच्या हलल्या नाहीत. आम्हाला एवढे धक्के देणाऱ्या त्या बाईला धक्का बसलेला मी पहिल्यांदा पाहत होतो.

"या की," आप्पा म्हणाले. "मला माती ठोकायचीय, धरायला माणूस पायजे."

बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. जड होती, नट होता आत. चपला काढून त्या पुढं गेल्या, पदर खोचला आणि मेढ दोन्ही हातांनी उभी धरली. पोपट माती लोटत होता, आप्पा पहारीनं ठोकत होते.

"सरळ हाय का?"

बाईंनी वर पाहिलं. "जरा शिरूरकडं झुकलीय."

लोक हसले. आप्पांनी मेढीला खांदा लावून ती सरळ केली आणि पुन्हा ठोकू लागले.

"सोडू का आता?" बाईंनी विचारलं.

"थांबा. माती बसू द्या."

त्या दोन्ही हातांनी मेढ धरून तशाच उभ्या राहिल्या.